राईला वळसा घातलेली रेघ

ती घटना आठवली की माझ्या डोळ्यांपुढे कुणा गुन्हेगाराचा चेहरा येत नाही. संगणकाच्या कोऱ्या पडद्यावर उमटलेली एक वेडीवाकडी रेघ येते. आज पोरांच्या फोनमध्ये सगळ्या जगाचे नकाशे असतात. त्या काळी आमच्या ठाण्यात संगणकसुद्धा नव्हता.

मी तेव्हा पोलादपूरला होतो. गणपती गेले होते, नवरात्र यायचं होतं. कशेडीत दरड आल्यामुळे निम्मे शिपाई घाटात वाहतूक सोडवत होते. सकाळची हजेरी चालू असतानाच कुडपणच्या बाजूच्या पोलीस पाटलांचा फोन आला. विजेच्या मनोऱ्यांच्या मोजणीसाठी आलेला एक सर्व्हेअर काल दुपारपासून डोंगरावर बेपत्ता होता. सोबतीला वाडीतलाच, गुरं राखणारा वाटाड्या होता आणि तो एकटाच खाली आला होता. रात्रभर धुक्यामुळे कुणाला वर जाता आलं नव्हतं. मी मिसिंगची नोंद करायला सांगितलं आणि दोन शिपाई गावकऱ्यांबरोबर शोधायला पाठवले. वाटाड्याला घेऊन पाटील पहिल्या एसटीने निघाले.

एसटी स्टँडला लागली आणि त्यांच्याआधी कंडक्टरच धावत ठाण्यात आला. "साहेब, मी काय बोललो नाय असं समजा. पण त्या माणसाच्या घोंगडीखाली कायतरी मशीन बांधलेलं हाय. भारीतलं दिसतंय."

झडतीत ते सापडलं. हातात मावणारं, जाडजूड, करड्या रंगाचं जीपीएस. आमचा हवालदार त्याला ट्रान्झिस्टर समजून स्टेशन लावायला बघत होता. पंचनामा करून ते ताब्यात घेतलं आणि वाटाड्याला समोर बसवलं. पन्नाशी उलटलेला, काटक, पायांवर काट्यांचे ताजे ओरखडे. मी ते ओरखडेही मनात त्याच्या खात्यावर मांडले. झटापट झाली असणार!

"हे तुझ्याकडे कसं?"

"सायबानं दिलान. झाडाखाली चालत नाय म्हणाले, उंच ऱ्हावं म्हणून माझ्या खांद्यावर बांधलान."

"आणि साहेब कुठे गेला?"

"बस हितं म्हणाले, आलोच. मग धुकं आलं. ते आलेच नाय."

"मग तू काय केलंस?"

"शोधला."

"कुठे?"

"सगळीकडं."

"अरे, माणूस गेला तुझ्यासोबत आणि तुझं आपलं 'शोधला'? तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?"

तो पुन्हा तेच म्हणाला, "शोधला, सायब."

खोटं बोलणारा भरपूर बोलतो, हा माझा अनुभव. हा इतका कमी बोलत होता की मला काही कळेना. तेवढ्यात मोजणीच्या कंपनीचे अधिकारी महाडहून आले आणि आल्या आल्या म्हणाले, "यानेच ढकललं असणार, यंत्रासाठी." मी त्यांना आधी पाणी दिलं. मग विचारलं, हे यंत्र करतं काय? ते म्हणाले की चालू ठेवलं तर माणूस जिथून जिथून चालतो त्याची रेघ ते आत साठवतं. पण त्याच्या चिमुकल्या पडद्यावर मुंग्या लागल्यासारखे नुसते ठिपके दिसत होते. रेघ नीट बघायची तर संगणकात उतरवायला हवी होती. "ते कसं उतरवतात?" अधिकारी खाली बघत म्हणाले, "ते सगळं आमचा सर्व्हेअरच करायचा."

झालं! म्हणजे ज्याला शोधायचं, त्यालाच विचारायचं.

लॉजवर सर्व्हेअरच्या खोलीत बॅग होती. बॅगेत एक केबल, एक फ्लॉपी आणि एक इंग्रजी पुस्तिका मिळाली. ते सगळं, वाटाड्याला, हवालदाराला आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांना जीपमध्ये घालून मी महाड गाठलं. तिथे एक बाई एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर संगणकाचे क्लास चालवायच्या. एमआयडीसीत पाळी करणारी माणसं सुट्टीच्या वारी त्यांच्याकडे शिकायला यायची. बाईंनी यंत्र उलटसुलट पाहिलं आणि पुस्तिका उघडून शांतपणे वाचायला बसल्या. पान, मग दुसरं पान. माझं डोकं तापलं.

"बाई, तिकडे माणूस मरतोय आणि तुम्ही लग्नाचा अल्बम बघितल्यासारखी पानं काय उलटताय?"

त्यांनी मान वर केली नाही. "साहेब, घाईत आतलं पुसलं गेलं तर मला अटक करून ते परत मिळणार आहे का?"

मला असं सुनावणारं माणूस त्या तालुक्यात दुसरं नव्हतं.

"हे सकाळपासून चालू कोणी ठेवलंय?" त्यांनी विचारलं. "चालू असलं की ते नवं लिहीत राहतं आणि जागा संपली की जुनं पुसत जातं." हवालदार छताकडे बघू लागला. सेलचं चिन्हही लुकलुकत होतं. आपली चूक भरून काढायला त्याने खिशातून नवे सेल काढले, तर बाई कडाडल्या, "हात लावू नका! आधी आतलं उतरू दे."

केबलचं नऊ पिनांचं टोक त्यांच्या नव्या संगणकांना बसेना. कोपऱ्यातल्या एका जुन्या संगणकाला तशी जागा होती, पण तिथे माउस लावलेला होता. बाईंनी माउस उपटून बाजूला ठेवला.

"मग चालवणार कसा?" मी विचारलं.

"कीबोर्डवर. माउस यायच्या आधीही संगणक होते, साहेब."

फ्लॉपी घातली, केबल जोडली. पडद्यावर अक्षरं आली: यंत्र सापडत नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी कपाळाला हात लावला. बाई मात्र पुस्तिकेत बोट घालून यंत्राच्या बटणांशी काहीतरी करत होत्या. "हे एका वेगाने बोलतंय आणि संगणक दुसऱ्या वेगाने ऐकतोय. दोघांचं जुळवायला हवं," त्या म्हणाल्या. त्यांनी ते जुळवलं, आणि पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकू लागली. पट्टी भरली आणि तेवढ्यात यंत्राने मान टाकली. सेल संपले होते. वाहवा, बाई! मनात म्हटलं, तोंडाने म्हणायची सवय नव्हती.

पडद्यावर नकाशा नव्हता, गाव नव्हतं, डोंगर नव्हता. पांढऱ्यावर नुसती रेघ. मी वाटाड्याला पुढे बोलावलं. बाईंनी बोट ठेवून त्याला समजावलं, "काका, ही तुमची वाडी. इथून सकाळी निघालात." त्याला पटकन उमगलं. "हितं पाणी पियालो. हितं सायबानं फोटो काढलान." रेघ सरळ चढत गेली आणि एका जागी तिची बारीक गाठ झाली. "हितं बस म्हणाले."

आणि त्या गाठीपासून पुढे रेघेला नुसतं वेड लागलं होतं. खाली गेलेली, वर आलेली, पुन्हा खाली. एकाच काठावरून परत परत फिरलेली. बाईंनी वेळा पाहिल्या. दुपारपासून पार दिवेलागणीपर्यंत हा माणूस थांबलाच नव्हता.

"हा काठ म्हणजे कडा ना?" मी विचारलं.

"हो. हाका मारत हुतो."

त्या काठावर मी स्वच्छ उन्हात उभा राहिलो नसतो. हा धुक्यात फिरला होता, खांद्यावर यंत्र आहे हेसुद्धा विसरून. माणसाला ढकलणारा त्याच कड्यावर संध्याकाळपर्यंत जीव धोक्यात घालत नाही. पायांवरचे ओरखडे कशाचे, हे मला आत्ता कळत होतं.

पण पोलिसाची नजर मेली ती कुठे जाते? सगळीकडे रेघांचं जाळं होतं आणि मधोमध हाताच्या तळव्याएवढी जागा कोरी होती. रेघ तिला वळसा घालून जात होती.

"इथे का नाही गेलात?"

"ती देवीची राई हाय. पायताण काढून जायाचं असतं. सायबाला सकाळीच सांगितला हुता, ते हो म्हणाले. मी राईच्या तोंडाशी जाऊन बघितलं. धोंड्यापाशी बूट नव्हते. म्हणजे ते आत गेले नाय."

"बूट घालूनच गेला असेल तर?"

वाटाड्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच राईत बूट घालून शिरलो होतो. "हो म्हणाले हुते ना."

"राईत शिरायला ती एकच वाट आहे का?"

तो थबकला. "वाट येकच. पण वरनं... रानातनं उतरला कुणी तर..." बोलता बोलताच तो जिन्याकडे धावला. ताब्यातल्या माणसामागे मीही धावलो.

जीप थेट कुडपणच्या रस्त्याला घातली. पुढची चढण पायी. वाटाड्या राईच्या वरच्या अंगाला गेला आणि झाडांची सावली सुरू होते तिथेच खाली बसला. गवतात बूट होते. शेजारी शेजारी नीट ठेवलेले, मोजे आत खोचलेले. त्या माणसाने अनोळखी रानात, कुणी बघत नसताना, दिलेला शब्द पाळला होता.

सकाळपासून वर शोधणारे माझे दोन शिपाई एव्हाना आम्हाला येऊन मिळाले होते; ते पुढे घुसणार तोच वाटाड्या आडवा झाला. आधी मी माझे बूट काढले, मग सगळ्यांनी काढले. शेवाळलेल्या दगडांवरून आम्ही अनवाणी उतरलो. खाली ओढ्याच्या घळीत सर्व्हेअर पडला होता. पाय मोडलेला, अंग गार, पण जिवंत. बाटलीतलं पाणी संपलं म्हणून ओढ्याच्या आवाजाच्या दिशेने आला आणि पाय घसरला. त्याच आवाजात त्याच्या हाका बुडाल्या होत्या. वाटाड्याने आपली घोंगडी त्याच्यावर टाकली. त्याने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलला, "मामा, बूट काढले होते मी."

"बघितले मी," वाटाड्या म्हणाला. "आता गप ऱ्हावा."

नोकरीभर मी माणूस खोटं बोलतो असं धरून चाललो आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघालं. हा माणूस समोरच्याचा शब्द खरा धरून चालला आणि तोही बरोबर निघाला. माझ्या हिशोबाने चाललो असतो, तर वाटाड्या कोठडीत आणि सर्व्हेअर घळीतच राहिला असता. बाईंनी ती रेघ उतरवली म्हणून दोघे घरी गेले. त्यांचे आभार मानायला मी नंतर मुद्दाम महाडला गेलो. त्या म्हणाल्या, "माउस परत लावायचा राहिलाय, बसा जरा."

पुढे सर्व्हेअर बरा झाल्यावर मिसिंगचं प्रकरण बंद करायला वाटाड्याचा जबाब घेतला. माझ्या लेखनिकाने कागद पुढे करत विचारलं, "साहेब, 'सोबतचा इसम न आल्याने शोधला', एवढंच? थोडं वाढवू का?"

मी म्हटलं, "एक अक्षर वाढवू नको. त्या रेघेचं चित्र खाली जोड."