बद्द वाजणारी घागर

शिवादादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळंब्यातल्या माझ्या दुकानात वह्यांचे गठ्ठे सोडत होतो. शटर ओढलं आणि शिरोली गाठली. त्याच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. फौंड्रीतली अख्खी पाळी आली होती. खोटं कशाला बोलू, रडू यायच्या आधी मनात आलं, माझ्या वेळी एवढी माणसं येतील का?… चुलतभावाच्या मयताला जाऊन गर्दीवर जळणारा मी एकटाच असेन.

दादा फौंड्रीत तपासणीला होता. ऑपरेशनच्या टेबलाचे पाय, लष्करी गाड्यांचे सुटे भाग, जहाजावर कंटेनर जखडून ठेवणारी कुलपं, असलं ओतीव काम त्याच्या हाताखालून जायचं. छोट्या हातोडीनं ठोकायचा आणि कान द्यायचा. आवाज घुमला तर माल पास, बद्द वाजला तर आत चीर. आमची आत्ती दर जेवणावळीत मला ऐकवायची, "शिवाची कुलपं साता समुद्रापार गेली, आन् आमचं बाळू कळंब्याच्या पुढं सरकंना!" माझं हर्नियाचं ऑपरेशन होतं, तेव्हासुद्धा मी स्ट्रेचरवर आडवा, आणि डॉक्टर दादाशी टेबलाच्या पायांविषयी बोलण्यात गुंग.

लेकीच्या लग्नात रुखवताला मी पितळी घागर आणली, चांगली जाडजूड. दादानं तिला टिचकी मारली.

"बाळू, बद्द वाजतीया. बदलून आण."

"तू तुझी कुलपं तपास की! घागरीतलं तुला काय कळतंय?"

तो नुसता हसला. घागर जयसिंगपूरला लेकीच्या सासरी गेली. आठवड्यात लेक ती पिशवीत घालून परत घेऊन आली. "बाबा, बुडाला गळतीया." मी ती माळ्यावर टाकली. पुढं दादानं विचारलं तेव्हा बेधडक सांगितलं, "सासरी लई कौतुक झालं घागरीचं. एक थेंब गळत न्हाई."

"व्हय?" त्यानं कान चोळला. "मग माझाच कान गेला म्हणायचा…"

त्यानंतर त्यानं कुणाच्या घरात कशावर टिचकी मारली नाही. मला, काय सांगू, गोड जेवण झाल्यासारखं वाटलं होतं.

दिवसकार्य उरकल्यावर वहिनींनी ती हातोडी माझ्या हातात ठेवली. "शेवटी शेवटी कामावर एकेका नगाला तीन-तीनदा ठोकून बघायचे. म्हणालते, माझ्या कानाचा भरवसा राहिला न्हाई, ही बाळूला द्या. त्याला घागर बरोबर कळली."

घरी आलो, माळ्यावरनं घागर काढली आणि हळूच ठोकली. बद्द. वह्या विकणाऱ्याच्या कानालाही कळावं इतकं बद्द.

आता ती घागर दुकानात गल्ल्याशेजारी असते, हातोडी तिच्या काठावर. वही घ्यायला आलेला माणूस विचारतोच, "हे काय ठेवलंय हो?" मी ठोकून दाखवतो आणि सांगतो, "बुडाला चीर आहे. आमच्या दादानं पहिल्याच टिचकीला ओळखली होती."