पाताळ सफरीतला नाग

आमच्या साडूंइतका पाताळावर जीव असलेला माणूस अख्ख्या कर्जत-खालापुरात सापडायचा नाही. खालापूरच्या बाजूला, हायवेलगत, एका पार्कात पूर्वी 'पाताळ सफर' नावाची राईड होती. होडीत बसायचे, काळोख्या गुहेत शिरायचे, राक्षस खदाखदा हसायचे, एका वळणावर पाच फण्यांचा नाग फुसकन अंगावर यायचा आणि शेवटी होडी घसरत धपकन उन्हात पडायची. नव्या नवलाईत साडू ताईला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, पहिल्यांदा फिरायला घेऊन गेले ते इथे. नागाच्या वळणावर ताईने त्यांचा दंड इतका घट्ट धरला की साडू पुन्हा पुन्हा तिकिटे काढत राहिले. "राईडची बांधणीच उत्तम होती," असे कारण ते अगदी गंभीर चेहऱ्याने देत.

पुढे राईड बंद पडली, मोडीत निघाली. ती बांधण्याआधी चित्रकाराने काढलेली मूळ रंगीत चित्रे कुंभिवलीच्या एका भंगारवाल्याकडे पडली आहेत असे कळताच साडू होमिओपॅथीचा दवाखाना उघडा टाकून धावले. भंगारवाल्याने जाड पुठ्ठ्यावरचा राक्षस गळक्या शेडला आतून ठोकला होता. "न्या वो डाक्टर, पन याच्या बदली ताडपत्री आना. पानी आत येतंय." साडूंनी ताडपत्री दिली आणि पाताळ घरी आणले. हळूहळू दवाखान्याच्या भिंती भरल्या. "डाक्टर, पोटात लय दुकतंय वो," असे कुणी कळवळून म्हटले, की साडू म्हणत, "दुखू दे. आधी हा जबडा बघ, काय रंग आहे!" चित्रांजवळ शिंकायला सक्त मनाई होती, आणि पेशंट तर बहुतेक सर्दीचेच. फक्त शेवटचे चित्र, होडी उन्हात येते ते, कुठेच मिळेना. त्याच्यासाठी साडूंनी रिकामी चौकट टांगून ठेवली होती. "ह्यात तं कायच नाय," असे पेशंट म्हणाला, की ते म्हणत, "कसं असेल? आपण अजून आतच आहोत."

नागाचे चित्र घरी आले ते नेमके नागपंचमीच्या आदल्या दिवशी. काच बसायची होती. सकाळी साडू दवाखान्यात गेले आणि ताईने विचार केला, घरात एवढा देखणा नागोबा असताना पाटावर गंधाने दुसरा कशाला काढा? तिने हळदकुंकू लावले, लाह्या वाहिल्या. शेजारच्या बायकाही आपापल्या लाह्या घेऊन आल्या. दुपारी साडू परतले तेव्हा मधल्या फण्यावर कुंकवाचे ठसठशीत बोट उमटलेले! त्यांनी जे तोंड मिटले ते गणपती येईपर्यंत. "डॉक्टरांना सांगा, पान वाढलंय," असे निरोप ताई पेशंटांच्या हाती धाडी. शेवटी तीच म्हणाली, "अहो, जन्मभर याचीच भीती घातलीत मला. जरा हात जोडले तर काय बिघडलं?" साडू हसले, पण डाग त्यांना सलत राहिला. तो कसा काढावा हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत.

ताई गेली त्याला आता दोन पावसाळे झाले. गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून एक गृहस्थ आले. त्यांनाही असलाच नाद, आणि त्यांच्याकडे ते शेवटचे चित्र! त्यांना बदल्यात नाग हवा होता. साडूंनी चित्र हातात घेतले. होडी, फेस, पिवळेधमक ऊन. भिंगातून ते किती तरी वेळ बघत राहिले. मला वाटले, झाला संच पुरा. तेवढ्यात गृहस्थ म्हणाले, "या कुंकवाची काळजी नको. पुसून घेऊ, खूणसुद्धा राहणार नाही." साडूंनी चित्र अलगद त्यांच्या हाती परत दिले आणि चहा सांगितला. ते गेल्यावर मी चिडलोच. "अहो साडू, एवढी वर्षं शोधत होतात ना?" ते रिकाम्या चौकटीकडे बघत म्हणाले, "असू दे हो. बाहेर येऊन तरी काय करायचंय आता?"

यंदा नागपंचमीला बायको म्हणाली, चला, त्यांच्याकडे जाऊन येऊ. पोचलो तर नाग भिंतीवरून उतरवून पाटावर ठेवलेला, पुढे लाह्यांची वाटी, आणि साडू धुतलेले धोतर नेसून वाट बघत बसलेले. बायकोने कुंकवाचे बोट काचेवर टेकवायला पुढे नेले तेव्हा साडूंनी घाईघाईने हात आडवा धरला.

"तिथे नको गं. जरा बाजूला लाव. तिचं दिसू दे."