सोंड्याचा पोळा

आमच्या बियाण्याच्या प्लांटात रोबोट आला, त्याच्या पहिल्याच दिवशी मी त्याला शिवी हासडली. झालं असं, की माझ्या शिलाई मशीनचा दोरा तुटला होता, मी तो ओवत होते, आणि हा पठ्ठ्या पट्ट्याच्या पलीकडं मान खाली घालून माझी वाट बघत उभा. कामाच्या वेळी कुणी असं खोळंबून उभं राहिलं की माझं डोकं फिरतं. सासू उभी राहिली तरी फिरायचं, हा तर लोखंडाचा. "थांब की मेल्या, बॅग काय पळून चाललीय का?" म्हणाले. सगळ्या बाया पोट धरून हसल्या, आणि तो थांबला की हो! बॅग येईस्तोवर निमूट थांबला. तेव्हापासून मी त्याला बोलते आणि तो ऐकतो.

प्लांट जालन्याच्या एमआयडीसीत आहे. वरच्या टाकीतून बियाणं बॅगेत पडतं, मी बॅगेचं तोंड शिवते आणि बॅग पट्ट्यावरून पुढं सरकते. पुढं ती उचलून लाकडी फळ्यांवर थप्पी लावायची, हे काम आधी हमालांची टोळी करायची. आता ते हा करतो. जमिनीत बोल्ट मारून बसवलेला, पिवळ्या रंगाचा, एकच लांब हात आणि बॅग बघायला काचेचा एक डोळा. हात कसला, सोंडच ती. म्हणून बायांनी त्याचं नाव सोंड्या ठेवलं. भोवती जाळी आहे, जाळीचं दार उघडलं की तो जागच्या जागी गप्प होतो. एकदा एक मांजर जाळीतून आत शिरलं आणि अर्धा तास सगळं काम बंद. मांजर थप्पीवर निजलं होतं, सोंड्या सोंड वर करून तसाच उभा, आणि मॅनेजर साहेब बाहेरून "शुक शुक" करून राह्यले. एवढी करमणूक माझी टीव्हीनं पण होत नाही.

खरं सांगते, माझं त्याच्याशी चांगलं जमतं. तंबाखू मागत नाही, टोमणे मारत नाही, दुपारच्या जेवणानंतर पेंगत नाही. आधी भीती वाटली होती की आज हमालांचं काम गेलं, उद्या माझं जाईल. पण टोळी बाहेरच्या गाड्या खाली करायला लागली, आणि शिलाई अजून माझ्याच हाती आहे. उद्याचं कुणी बघितलंय? सुख होतं. एकच गोष्ट घशात अडकली होती, ती म्हणजे आमचे मालक, माझे घरधनी.

हे त्याच टोळीत हमाल होते. लग्न झालं तेव्हापासून मी यांच्या उजव्या खांद्यावर पोत्यानं पडलेला घट्टा बघत आले. जवान होते तेव्हा लोक यांचं उचलणं बघायला थांबायचे, असं हे स्वतःच सांगायचे, आणि ते खोटं नव्हतं. मग एक दिवस पोतं उचलताना कंबरेत कळ आली ती उजव्या पायात उतरली. डॉक्टरांनी फोटो काढला आणि स्वच्छ सांगितलं, मणका सरकलाय, परत ओझं उचललं तर पाय कायमचा जाईल.

मॅनेजर साहेब माणूस चांगला. पुण्याकडचा, पोरसवदा, पण माणुसकी असलेला. ते म्हणाले, काम सोडू नका, सोंड्यापाशी उभं राहा. चालू करायचा, बंद करायचा, बॅग तिरपी पडली तर सरळ करायची, शिट्टी वाजली तर बघायचं. सगळं शिकवतो. मला तर देवच पावला असं वाटलं. पण आमचे हे! "बटन दाबायला मी काय लहान लेकरू हाय का? त्याच्या हाताखाली मी राबू? मशीनचा गडी म्हणून?" असं म्हणून जे घरी बसले ते बसलेच. भाकरी अर्धी खाऊन ताट सरकवायचे. माझ्याशी धड बोलेनात. पुढं एक दिवस म्हणाले, मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, एका मुकादमाशी बोलणं झालंय, पोळा झाला की तिथं पोती उचलायला जाणार. मोंढ्यातली पोती आमच्या बॅगांच्या दुप्पट! मी रडले, भांडले, अबोला धरला. दगडावर पाणी. पोळा जवळ येत चालला तसा माझ्या जिवाला घोर लागला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सुट्टी व्हायच्या वेळेला आमच्या टोळीचे मुकादम चाचा हातात वाटी घेऊन आले. चाचा जाफराबादकडच्या खेड्यातले. पाच वेळा नमाज पढणारा माणूस, पण बैलांचा लई शौकीन. जमीन वाटणीत गेली आणि बैल गेले, पण पोळा आला की चाचा अस्वस्थ होतात. वाटीत तूप आणि हळद होती.

"चाचा, हे काय?"

"खांदेमळणी," ते म्हणाले. "ह्याची."

आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांना धुवून त्यांच्या खांद्याला हळद-तूप चोळतात, वर्षभर जू वाहिलेला खांदा तो. मग त्यांच्यापुढं म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. सध्या सोंड्याला बघणाऱ्या आमच्या इलेक्ट्रिशियननं बटन बंद केलं, दार उघडलं. चाचा आत गेले आणि सोंड जिथं धडाला जोडलीय तिथं दोन्ही हातांनी चोळायला लागले. "डोळ्याला लावू नका चाचा, काच हाय," इलेक्ट्रिशियन ओरडला. "अरे बैलाच्या डोळ्यात तरी कोण हळद घालतंय, येड्या," चाचा म्हणाले. आम्ही बायांनी आवतण दिलं. हसत हसत दिलं, पण दिलं.

गंमत तिथंच संपली असती. पण चाचा मॅनेजर साहेबांकडं वळले आणि बोलले, "साहेब, उद्या ह्याला जुंपायचा न्हाई."

"म्हणजे?"

"पोळ्याला बैल जुंपत न्हाईत. पाप लागतं."

"चाचा, तो बैल नाही. त्याला तर सोंड आहे."

"सोंड असू द्या. काम कुणाचं करतो? बैलाचंच ना? बिलकुल न्हाई जुंपायचा."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत गव्हाच्या बियाण्याची एक गाडी भरून निघायची होती. साहेबांनी डोकं खाजवलं. चाचा म्हणाले, गाडी टोळी भरंल, पाठीवरून, आधीसारखी, तुम्ही निर्धास्त राहा. टोळीतले गडी पण चेवानं उठले. साहेबांनी सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि हसून म्हणाले, बरं, घ्या तुमच्या बैलाला सुट्टी.

मला एवढी मजा वाटली की घरी जाऊन चुलीपाशी बसल्या बसल्या यांना सगळं रंगवून सांगितलं. जीभ आवरत नाही ना माझी! सांगता सांगता बघते तर हे सरळ उठून बसलेले.

"मंग बॅगा कोण उचलणार?"

"टोळी."

"मी पण येतो."

माझ्या हातातली पळी खाली पडली. "अवो, डॉक्टर काय म्हणले? पाय जाईल म्हणले!"

"एकच दिस. बैलाला सुट्टी अन् हमालाला जू, असा पोळा कधी बघितलाय का तू?" आणि हे हसले. किती तरी दिवसांनी हसले. मला त्या हसण्याचा राग पण आला आणि ते परत बघावंसं पण वाटलं. तरी म्हणालेच, "जावा, मोडून घ्या, मी काय तुमची सेवा करत बसणार न्हाई." तो नुसता तोंडाचा जोर होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

पोळ्याच्या सकाळी सोंड्याच्या गळ्यात झेंडूची माळ होती. आमच्यातल्या एकीनं पुरणपोळीचा डबा आणून त्याच्यापुढं ठेवला आणि त्याच्या वतीनं आम्हीच खाल्ला. गाडीला फळी लावली. टोळीनं यांना बघून आरोळी ठोकली, "आला बघा गडी!" यांनी डोक्याला फडकं बांधलं, अंगात वारं आल्यासारखे पुढं झाले. मी बॅगा शिवत होते, पण नजर फळीवर. पहिली बॅग चढली. दुसरी चढली. टोळी शिट्ट्या मारून राह्यली, आणि यांच्या तोंडावर जो उजेड होता तो मी लग्नातच बघितला होता. मला वाटलं, डॉक्टर चुकला असंल. देवा, चुकलेलाच असू दे.

मग हे फळीच्या मध्यावर थांबले. पाठीवर बॅग, डावा पाय पुढं, आणि उजवा पाय उचलेना. पडले नाहीत, ओरडले नाहीत. नुसते उभे. मागून येणाऱ्या चाचांनी आपली बॅग खाली टाकली, यांच्या पाठीवरची बॅग काढून घेतली आणि हाताला धरून यांना खाली आणलं. सोंड्याच्या जाळीला टेकवून बसवलं. पाय बधिर झाला होता, थोड्या वेळानं त्याच्यात मुंग्या आल्या, म्हणजे गेला नव्हता.

मी मशीन सोडून धावले. बॅगा पट्ट्यावर एकमेकींवर आदळल्या, आदळू देत. मला लई राग आला होता. सगळ्यांच्या देखत ओरडले, "मला नवरा पायजे! चालता-फिरता नवरा! मोंढ्यात जायचं असंल तर आधी मला माहेरी सोडा अन् मंग जावा!" एवढं बोलून तिथंच रडायला लागले. लाज नाही वाटली, आजही वाटत नाही.

हे मान खाली घालून बसले होते. चाचा शेजारी टेकले.

"चाचा, माझं संपलं," हे हळू आवाजात म्हणाले.

"उचलायचं संपलं," चाचा म्हणाले. "एक सांग. गावाकडं असताना बैल हाकलेस ना तू? आष्टीच्या बाजारापर्यंत गाडी नेली म्हणून सांगतोस."

"हाकले."

"तवा पोतं बैलानं वढलं. तुला कधी वाटलं का, मी बैलाचा गडी हाय म्हणून?"

यांनी डोक्याचं फडकं सोडलं.

"मंग ह्याच्याच बाबतीत काय वाटून राह्यलंय तुला? हा मुका जीव. आवरायला माणूस न्हाई म्हणून तो इलेक्ट्रिशियन धावून धावून दमून गेला. तू न्हाई म्हणलास तवापासून साहेबानं दुसरा ठेवला न्हाई." चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले. "आता बस हितं. गाडी भरायची हाय आम्हाला."

गाडी भरली, गेली. घरी आम्ही पुरणपोळी खाल्ली. हे काहीच बोलले नाहीत, मोंढ्याचं पण नाही आणि सोंड्याचं पण नाही. मी पण विचारलं नाही. विचारलं असतं तर तोंडातून काहीतरी वाकडंच निघालं असतं. पण डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या.

सकाळी डबा भरत होते तर मागं येऊन उभे राहिले. मागं कुणी उभं राहिलं की माझं डोकं फिरतं, तरी त्या दिवशी फिरलं नाही.

"माझा पण भर," म्हणाले.

"कुठं निघालात?" मी हातातली भाकरी तशीच धरून विचारलं.

"तुझ्याबरोबरच."

साहेबांनी बटनं दाखवली, यांनी शांतपणे ऐकून घेतलं. सोंड्याची माळ काढून बाजूला ठेवली, काच फडक्यानं पुसली, जाळीच्या बाहेर येऊन दार लावलं आणि बटन दाबलं. मी पहिली बॅग शिवून सोडली. सोंड्यानं ती उचलली. आणि मला दिसलं, बॅग वर गेली त्याच वेळी यांचा उजवा खांदा खाली झुकला. बॅग थप्पीवर पडली तसा खांदा वर आला. यांना कळत पण नव्हतं. सोंड्या उचलायचा आणि यांचा खांदा वजन घ्यायचा. प्रत्येक बॅगेला. लोक बघतील म्हणून मी इकडंतिकडं बघितलं, पण टोळीतल्या सगळ्यांनी आधीच बघितलं होतं, आणि कुणी हसत नव्हतं.

जेवायच्या सुट्टीपर्यंत ते चालू होतं. यांनी दोन भाकरी खाल्ल्या, पाणी प्यायले, परत जाऊन उभे राहिले. दुपारी कधीतरी दोरा बदलून मी वर बघितलं. सोंड्यानं बॅग उचलली, फिरवली, ठेवली. हे हाताची घडी घालून उभे होते आणि खांदा जागच्या जागी होता. मी अजून एक बॅग सोडली, मग अजून एक. खांदा हलला नाही. किती वर्षांनी त्या खांद्यावरचं ओझं उतरलं होतं, आणि मला एवढं बरं वाटलं की पुढची बॅग मी वाकडी शिवली.