बटणांवरचा पोकर

निर्मलाचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत उभी होते. समोरचा डोंगर धुक्यात अर्धा विरघळला होता. "सुमनताई गेल्या," एवढंच ती म्हणाली. महिना होऊन गेला, पण ती सकाळ अजून पुरती उजाडलीच नाही असं वाटत राहतं...

सुमनताई लोधिवलीच्या. लग्न होऊन भिसेगावात आल्या आणि चाळीस वर्षं ब्लाऊज शिवत राहिल्या. पोकर त्यांना पुण्याच्या भाचीने शिकवला, त्यांनी तो मला, निर्मलाला आणि वैशालीला. पैशांऐवजी शिवणाच्या डब्यातली बटणं लावायची. रविवारी सकाळच्या चहानंतर त्यांच्या पडवीत बसायचो ते दिवेलागणीलाच उठायचो. दुपार कलली की आम्ही तिघी पेंगू लागायचो. घाट चढणाऱ्या गाडीचा आवाज लांबत लांबत विरून जायचा आणि हातातल्या राण्या, गुलाम एकमेकांत मिसळायचे. ताई मात्र तशाच ताज्या. खेळताना भात नाही, मूठभर शेंगदाणे आणि ताक. तासातासाने उठून परसातल्या नळाचं पाणी पायांवर घ्यायच्या. हरलेल्या डावावर मी एकदा फार वेळ हळहळत राहिले, तेव्हा म्हणाल्या, "तो डाव उसवून टाक गं. त्याच्यात अडकलीस, तर हातातला पण जाईल."

त्या पानांपेक्षा माणसं बघायच्या. चांगली पानं आली की निर्मला पदर सारखा करते, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी त्यांचा आजार निघाला. आम्ही तिघींनी आपसात ठरवून चांगली पानं खाली टाकायला सुरुवात केली. दुसऱ्याच रविवारी त्यांनी पत्ते पालथे ठेवले. रागावल्या नाहीत, पण आवाज बारीक झाला होता. "मला जिंकवू नका. अंग थकलंय, डोकं जागं हाय अजून." त्या दिवशी आम्ही जीव लावून खेळलो आणि संध्याकाळपर्यंत सगळी बटणं त्यांच्यापुढे गेली.

मग एका रविवारी, जिंकत असतानाच, त्या थांबल्या. आमच्याकडे बराच वेळ, पाण्यातून बघावं तसं बघत राहिल्या. "पत्ते दिसतायत," म्हणाल्या, "पण तुमची तोंडं वाचता येत नायत. मी पडते आत. तुमी खेळा... मला आवाज येऊ दे."

आम्ही खेळलो. कोण जिंकलं ते आठवत नाही. त्यानंतर त्या पडवीत आल्या नाहीत.

परवा त्यांच्या यजमानांनी, बाळूभाऊंनी, आम्हाला बोलावून घेतलं. पडवीत सतरंजी अंथरलेली होती. त्यांना साधी रमीसुद्धा येत नाही, तरी ताईंच्या जागेवर बसले आणि शिकवा म्हणाले. दोन तासांतच त्यांचे डोळे मिटायला लागले. जांभई आवरत त्यांनी विचारलं, "कंटाळा आला की ती काय करायची हो?"

ताईंना कंटाळा आलेला इतक्या वर्षांत आम्ही तिघींनी कधी पाहिलाच नव्हता.