देवाला विचारलेला प्रश्न

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि आता या वयात ती मोडायची मला हौस नाही. तेव्हा इथे ते 'हे' म्हणूनच येतील. बाकीच्यांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. त्यातले बहुतेक गेले, आणि त्यांच्या सुना-नातवंडांशी माझं जाणं-येणं आहे. राग होता, तो अजून आहे, पण तो नातवंडांवर काढायचा नाही एवढी अक्कल मला आहे.

शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. आमचं गाव रत्नागिरीपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. घरटी एक तरी पुरुष मुंबईला गिरणीत. आमचे हेही गिरणीतच होते, पण सूत काढायला नव्हे, फुटबॉल खेळायला. गिरणीचा स्वतःचा संघ होता. संघात खेळतो म्हणून खात्यात नाव लागायचं, काम हलकं मिळायचं आणि दुपारनंतर मैदान. सासूबाईंच्या हे कधीच पचनी पडलं नाही. "चेंडूला लाथ मारायचा पगार कोन देता रे?" असं त्या विचारायच्या. हे हसून सांगायचे, "लाथेचा नाय आये, डोक्याचा देतात." यांचं डोकं नावाजलेलं होतं. उंचावरून आलेला चेंडू कपाळाने असा हाणायचे की गोलवाल्याने हात वर करेपर्यंत तो आत गेलेला असायचा. हे मी लोकांकडून ऐकलेलं. मी स्वतः यांना खेळताना एकदाच पाहिलं.

त्या वर्षी चैत्रात हे अचानक बोटीने घरी आले. रजा कसली म्हटलं तर म्हणाले, "साहेब बोलला, जरा आराम कर." खरं काय ते सोबत आलेल्या गाववाल्याने सांगितलं. सामन्यात दुसऱ्या एका खेळाडूचं डोकं यांच्या डोक्यावर आपटलं. हे पडले. तोंडावर पाणी मारून यांना उभं केलं आणि सामना संपेपर्यंत खेळवलं. संध्याकाळी उलट्या झाल्या, आणि खोलीचा जिना उतरताना आपण कुठे निघालो होतो तेच यांना आठवेना. मग गिरणीने घरी धाडून दिलं. बरं वाटलं की ये, म्हणाले. काय झालंय, किती जपायचं, कोणी लक्ष ठेवायचं, याबद्दल चकार शब्द नाही. कोणाचा बैल दुखावलेला परत करतानासुद्धा माणूस चार गोष्टी सांगतो.

घरी आल्यावर यांना ऊन सोसेना. दिवसभर माजघरात डोळे मिटून पडायचे. जेवून हात धुतले की थोड्या वेळाने पुन्हा पाटावर येऊन बसायचे, आणि मी काही बोलले की खजील व्हायचे. सासऱ्यांनी गाडी जुंपून शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं. मी बरोबर होते. डॉक्टरांनी यांच्या डोळ्यांत बत्ती धरून पाहिलं, सरळ रेषेत चालायला लावलं आणि स्पष्ट सांगितलं, "पावसाळा संपेपर्यंत डोक्याला पुन्हा धक्का लागता कामा नये. झाडावर चढणं नाही, ओझं नाही, आणि खेळाचं तर नावच काढू नका." ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

पण वैशाख आला. चाकरमानी घरी आले, आणि खाडीपलीकडच्या गावाशी दरवर्षी व्हायचा तो फुटबॉलचा सामना आला. सामना आमच्या सड्यावर व्हायचा. सडा म्हणजे गावावरचं उघडं पठार, वर बोटभर माती आणि खाली जांभ्याचा कातळ. त्या उन्हात त्यावर अनवाणी उभं राहणंही कठीण, तिथे हे लोक धावायचे. दोन वर्षं आम्ही हरलो होतो, आणि पलीकडच्यांनी बाजारात आमच्या माणसांना पार नकोसं करून सोडलं होतं.

आमचा कप्तान गावनात्याने माझा दीर. तोही मुंबईलाच असायचा. ओटीवर येऊन त्याने यांना विचारलं, "खेळशील ना?" हे म्हणाले, "खेळतो की. मी बरा हाय." मी दाराआड उभी होते, मला राहवेना. म्हटलं, "भावजी, ज्याचं डोकं दुखावलंय त्यालाच इचारताव व्हय, डोकं बरं हाय का म्हणून?" तो वरमला. तो दुष्ट माणूस नव्हता, हे मला लिहायलाच हवं. दुष्ट असता तर पुढचं सगळं मला सोपं गेलं असतं. सासूबाईंनी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. हे एकीकडे हट्ट धरून बसलेले. कप्तानाला काय करावं कळेना, तेव्हा त्याने तेच केलं जे आमच्या गावात अडलेला माणूस करतो. म्हणाला, "वयनी, देवाला इचारू. देव नाय बोलला तर मी परत ह्या ओटीवर पाय ठेवायचा नाय."

देवाच्या कौलावर आमच्याकडे लग्नं ठरत आणि मोडत, विहिरीची जागा ठरे. गुरव देवाच्या छातीवर उजव्या-डाव्या बाजूला ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. खरं सांगते, मला हायसंच वाटलं. देवाला तरी कळेल, असं मला वाटलं.

सामन्याच्या दिवशी सकाळी सगळे देवळात जमले. बायका एका बाजूला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरा आज सड्यावर उतरतायत. ह्यो तुझा लेकरू त्येंच्यात खेळला तर गावाला यश हाय का? असला तर उजवी दे." सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

हे विचारायला आम्ही आलोच नव्हतो. मी पदर सावरून पुढे झाले आणि म्हटलं, "गुरवकाका, यांच्या डोक्याला काय होनार नाय ना, ता पण इचारा." देवळात सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासऱ्यांनी मान खाली घातली. गुरव थांबला, त्याने गावच्या मानकऱ्याकडे पाहिलं. मानकरी म्हणाला, "एका कामाला एकच कौल, सूनबाय. देवाला घोळात घेवू नये." तेवढ्यात उजवी कळी खाली पडली. ढोल वाजायला लागला आणि पोरांनी यांना खांद्यावर घेतलं. हे हसत होते. लग्नानंतर मी यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

दुपार कलल्यावर सामना सुरू झाला. आम्ही बायका कडेच्या काजूंखाली बसलो होतो. बराच वेळ काहीच होईना. मग आमच्या पोराने कोपऱ्यातून चेंडू उंच मारला, हे गर्दीतून वर उठले आणि कपाळाने चेंडू आत घातला. लोक नाचायला लागले. त्या नाचात फार थोड्यांनी पाहिलं की खाली येताना यांचं डोकं पलीकडच्या एका दांडग्याच्या खांद्यावर आदळलं आणि मग कातळावर. हे पडून राहिले. कप्तान धावला, त्याने यांना बसवलं, शहाळ्याचं पाणी पाजलं आणि पुन्हा तेच विचारलं, "खेळशील ना?" यांनी मान हलवली. पंच म्हणून शाळेचे मास्तर होते. त्यांनी कप्तानाकडे पाहिलं, कप्तानाने देवळाच्या दिशेला हात जोडले, आणि मास्तरांनी शिट्टी वाजवली.

मी ओरडत होते. माझा आवाज ढोलापुढे कुठे पोहोचणार? चेंडू यांच्या पायात आला आणि हे आपल्याच गोलाच्या दिशेने धावत सुटले. माणसं हसली. त्यांना वाटलं, गडी पलीकडच्यांना खेळवतोय. अर्ध्या वाटेवर यांचा एक पाय फरफटायला लागला आणि हे कोसळले, तेव्हा कुठे हसणं थांबलं. तोवर मी पोहोचले होते. डोकं मांडीवर घेतलं. डोळे उघडे होते, पण ते मला ओळखत नव्हते.

सामना आम्ही जिंकलो. गोल तो एकच झाला होता.

हे वाचले. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं तुटक झालं, आणि डोक्यातला काळ त्या दुपारीच अडकून बसला. गिरणीने कळवलं, आमच्या मैदानावर लागलेलं नाही, सुट्टीत गड्याने काय करावं हा त्याचा प्रश्न. मास्तर म्हणाले, कप्तान सांगेल तसं मी वागलो. कप्तान म्हणाला, कौल झाला होता, आणि तो स्वतःच हो म्हणाला. पुढे कित्येक वर्षं तो मुंबईहून आला की यांच्यासाठी काही ना काही घेऊन यायचा आणि ओटीवर बसून रडायचा. एकदा म्हणाला, "वयनी, देवानंच फसवलं." मी म्हटलं, "देवानं नाय फसवलं भावजी. तुमी इचारलात त्येचा उत्तर त्यानं बरोबर दिला. यश हाय का इचारलात, यश दिला." त्यानंतर त्याने देवाचं नाव माझ्यापुढे काढलं नाही.

हे रोज दुपार कलली की विचारायचे, "कोन जिंकला?" मी सांगायचे, "आपन जिंकलाव." मग यांचं तोंड फुलायचं आणि हे शांतपणे पेज प्यायचे. भात कांडताना, सारवताना, सासूबाई गेल्या त्या सुतकातही, मी हेच उत्तर दिलं.

एका दुपारी मात्र माझा तोल गेला. जे कोणीतरी करायला हवं होतं ते निदान माझ्या तोंडून तरी व्हावं, असं मला झालं. यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "तुमाला लागला म्हनून मास्तरांनी खेळ थांबवला. कप्तानानं तुमाला भायेर काढला. तुमी धडधाकट घरी आलाव."

"मना कशाला काढला?" हे म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडायला लागले. पेजेची वाटी त्यांनी चांगल्या हाताने लोटून दिली. झोपेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. तोवर मी गिरणीवर रागावले होते, गावावर रागावले होते. त्या दिवशी यांच्यावरही रागावून पाहिलं, पण ते मला जमलं नाही. सांडलेली पेज पुसली आणि चुलीपाशी बसून पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी यांच्या काहीच लक्षात नव्हतं. ऊन ओटीवर आलं तसं यांनी विचारलं, "कोन जिंकला?"

"आपन," मी म्हटलं, आणि वाटी यांच्या हातात दिली.