मसालेभातातलं मीठ

सव्वीस जानेवारीला नेरूळच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक फजिती झाली होती... साल सत्त्याण्णव असावं. मी तेव्हा बावीसचा. गावाकडून नुकताच नोकरीसाठी दादा-वहिनींकडे राहायला आलो होतो.

झेंडावंदन झालं की सगळ्यांनी गच्चीवर एकत्र जेवायचं आणि प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा, असं ठरलं. याला 'पॉटलक' म्हणतात, हे आम्हाला सेक्रेटरींच्या बायकोने, म्हणजे काकूंनी सांगितलं. तोवर हा शब्द कानावरसुद्धा आला नव्हता.

वहिनी साताऱ्याकडच्या. बिल्डिंगमध्ये येऊन दीड वर्ष झालं होतं, पण जिन्यात भेटणाऱ्या बायका "पाणी आलं का?" याच्यापुढे त्यांच्याशी बोलत नव्हत्या. त्यामुळे या एका पदार्थावर त्यांची फार भिस्त होती... तो सगळ्यांना आवडावा, चार जणींनी आपल्याला त्यांच्यात घ्यावं, एवढंच.

आठवडाभर घरात तोच विषय. त्यांच्या मनात घेवड्याची आमटी आणि भाकरी होती. दादा मार्केटात दिवसभर पोती उचलून यायचा, भिंतीला टेकून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "अगं, सगळ्यांना चालंल असं कायतरी कर की."

मग सगळ्यांना चालेल असं शोधणं सुरू झालं. आमटी तिखट, लहान मुलं खाणार नाहीत. पहिल्या मजल्यावर कांदा-लसूण चालत नाही. पावभाजी आणि गुलाबजाम तर आधीच कुणीतरी यादीत लिहून टाकलेले... एकेक गोष्ट वगळत शेवटी मसालेभात उरला. कांद्याशिवाय, लसणाशिवाय, बेताच्या तिखटाचा.

त्या दिवशी वहिनी पहाटेच उठल्या होत्या. तोंडली, वाटाणा, फ्लॉवर, सगळं एकटीने चिरलं. फोडणीत भाजी परतून पाणी ओतलं, तेवढ्यात नळाला पाणी आलं.

"भाऊजी, आधण आलं की मूठभर मीठ टाका, मग तांदूळ. मी हंडे भरून घेते."

मी देवापुढे बसलो होतो. "हो" म्हटलं. आधण आल्यावर उठलो, तांदूळ घातले, झाकण ठेवलं आणि परत जपाला बसलो... मीठ राहिलं.

आता कुणीही विचारेल, चव नाही का बघितली? आमच्या घरी नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी चव बघत नाही. नैवेद्य दाखवला... देवाने काही तक्रार केली नाही. मग दादाने आणि मी दोन्हीकडून धरून पातेलं गच्चीवर नेलं.

वास असा सुटला होता की पहिली रांग भाताकडेच लागली. पहिला घास काकूंनी घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अहो, तुमच्या साताऱ्याला मीठ मिळत नाही का?"

"बीपीवाल्यांसाठी स्पेशल दिसतोय," मागून कुणीतरी बोललं. सगळे हसले. वरून मीठ भुरभुरून बघितलं, ते नुसतं कचकच लागलं... हळूहळू रांग पावभाजीकडे वळली.

वहिनींनी एक घास खाल्ला. माझ्याकडे पाहिलं, एकदाच. मी मान खाली घातली.

"माझंच चुकलं. गडबडीत राहिलं," त्या म्हणाल्या.

त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. पण सगळ्या बिल्डिंगसमोर मी पाण्याचे पेले भरत बसलो... वहिनी हातात डाव घेऊन भरल्या पातेल्यामागे उभ्या होत्या. डोळे भरून आलेले. समोर कुणी नव्हतं.

तळमजल्यावर पारूमावशी राहायच्या. मूळच्या इथल्याच, खाडीकाठच्या गावातल्या. त्यांनी जवळ्याची चटणी आणली होती, म्हणजे बारीक सुक्या मासळीची. वास येतो म्हणून त्यांचा डबा पाण्याच्या टाकीजवळ वेगळा ठेवायला लावला होता. तिकडेही कुणी फिरकलं नव्हतं.

मावशी डबा उचलून सरळ वहिनींकडे आल्या. ताटात दोन डाव भात घेतला, वर चटणी घातली आणि उभ्या उभ्या खायला लागल्या.

"रडतेस कशाला गो पोरी? तुजा भात आलनी हाय, माजी चटनी खारट हाय. दोगांचा लगीन लावून टाक!"

मग रांगेकडे वळून म्हणाल्या, "या रे, लाजता काय? घरी खिडक्या लावून खाताच ना!"

गच्ची खो खो हसली. आधी पुरुष आले, मग त्यांच्या बायका. अर्ध्या तासात पातेलं खरवडून झालं. आमच्या घरात माळ, मासळी वर्ज्य, त्यामुळे आम्ही तिघांनी आपल्या वाटणीचा भात तसाच अळणी खाल्ला. मला तो गिळवत नव्हता, पण सगळा खाल्ला.

त्या दिवसापासून दुपारी वहिनींचं मावशींकडे जाणं-येणं सुरू झालं. देवाने माणूस दिलं, एवढं खरं... पण बिल्डिंगमध्ये 'अळणी वहिनी' हे नाव पडलं ते पडलंच. काकू जिन्यात गमतीने हाक मारायच्या, वहिनी हसून ओ द्यायच्या. मी खाली बघत निघून जायचो.

पुढे बऱ्याचदा वहिनींना म्हणालो, मी सगळ्यांना खरं सांगतो. त्यांचं एकच उत्तर असायचं, "सोडा हो भाऊजी. भात संपला ना?"

आता पन्नाशी आली. कामाचा शीण झोपल्यावर उतरतो, हा उतरत नाही... तेव्हाची बरीच मंडळी आता बिल्डिंगच्या या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहेत, काकूही आहेत. म्हणून सगळ्यांसमोर इथेच लिहितो.

मीठ वहिनी विसरल्या नव्हत्या. मी विसरलो होतो.