मंगळावरचे सोपानराव

माझ्या दुकानात एक पत्र्याचा डबा आहे. उरलेसुरले एल्बो, वॉशर, निपल मी त्यात टाकत जातो, कधीतरी कामाला येतील म्हणून. कामाला काही येत नाहीत, डबा मात्र भरतो. किश्श्यांचंही तसंच झालंय. गारखेड्यात माझं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे आणि रविवारी एका पेपरच्या पुरवणीत मी विज्ञानकथा लिहितो. शाळा लवकर सुटली; विज्ञान शिकलो ते मोटारी उघडून आणि रद्दीतली मासिकं वाचून. दोन्हीतलं एकच काम धरलं असतं, तर डोकं शांत राहिलं असतं.

*

पुंडलिकनगरचे एक रिटायर्ड साहेब मोटार परत घेऊन आले. पाणी ओढत नाही म्हणे. उघडून पाहिली, मोटार ठणठणीत. म्हटलं, "साहेब, बोअरलाच पाणी नसंल तर मोटार काय करील?"

साहेबांनी पिशवीतून पुरवणी काढून काउंटरवर आपटली. "मंगळावर पाणी लागतं तुम्हाला, अन् पुंडलिकनगरात लागत नाही?"

शेवटी मोटार बदलून दिली. तीही पाणी ओढत नाही, हे वेगळं सांगायला नको.

*

संपादकांची तऱ्हा निराळी. शंभर वर्षांनंतरचं आपलं शहर मी रंगवलं होतं. उडत्या रिक्षा, दौलताबादच्या किल्ल्यावर रॉकेटचा तळ, सगळं पास झालं. एक वाक्य तेवढं त्यांनी उडवलं: 'नळाला रोज पाणी येत होतं.'

मी फोन करून जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "शेठ, वाचकानं सहन तरी किती करायचं?"

*

सासुरवाडीला लग्न होतं. सासरे नवरीच्या चुलत्याशी माझी ओळख करून देत होते. "हे आमचे जावई. मोटारींचं दुकान आहे. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. थोडं लिहितात, पण आता कमी झालंय."

चुलत्यानं समजून मान हलवली. "वयानं सुटतं."

*

मंगळावरची माझी कथा दर रविवारी पुढं सरकते. सुरुवातीला तिच्यातल्या पात्रांना मी परग्रहावरची नावं द्यायचो. झोरान, क्रिटॉस वगैरे. बायकोनं एक भाग वाचला आणि म्हणाली, "जंताच्या औषधांची नावं कशाला देता माणसांना?"

म्हणून गिऱ्हाइकांची, शेजाऱ्यांची नावं घातली, आणि तिथंच फसलो. पाइप कंपनीचा सेल्समन येऊन सांगून गेला, व्हिलन करा, हरकत नाही, पण ढेरी लिहू नका, घरी वाचतात. शेजारचे इरफानभाई टेलर तर बोलेचनात. खोदून विचारल्यावर उसळले. "उमर गई सिलाई में, और मेरेकू हेल्मेट पुसने रखे तुम? स्पेस सूट कौन सिल रा वहाँ?"

बात बरोबर होती. पुढच्या रविवारी त्यांना मशीनवर बसवलं.

*

दौलताबादेत किल्ल्याखाली सोपानराव सीताफळं विकतात. त्यांच्या मळ्यातली मोटार माझ्याकडची, तेव्हापासूनचा दोस्ताना. मी त्यांना मंगळावर काचेच्या घुमटाखाली सीताफळाची बाग दिली. गडी एवढा खूश, की पुरवणीचं पान गाड्यावर चिकटवून किल्ला बघायला आलेल्यांना दाखवायचा, "ह्यो मीच!"

मग कथा जरा ढिली पडली. मी घुमट फोडला, सोपानराव मेले. संपादकांनी पहिल्यांदा तारीफ केली. सोपानरावांचाही फोन आला. "मारलं व्हय शेठ मला? लई झ्याक मारलं." खदाखदा हसले.

थोड्याच दिवसांत त्यांची बायको काशीबाई दुकानात आली आणि मोटारीच्या खोक्यावर बसली. सोपानरावांना दम लागत होता. दवाखान्यात तपासलं, तर हृदयाच्या नळ्या तुंबलेल्या. ऑपरेशन ठरलं होतं, पण हा माणूस नको म्हणून हटून बसला होता. का, तर शेठनं लिवलंय ते उगं नाय.

मी कपाळाला हात लावला. "वहिनी, ती गोष्ट आहे. खोटं असतं सगळं."

"मग खोट्यातच जित्तं करा की भाऊ. आमी कुठं खरं मागतोय?"

*

संपादकांनी साफ नकार दिला. हवा नाही तिथं पडलेला माणूस पंधरवड्यानं उठून बसतो कसा? "विज्ञानकथा आहे, शेठ, कीर्तन नाही."

हे वाक्य माझंच. दुसऱ्या एका लेखकाच्या कथेवर मी त्यांना ऐकवलं होतं. विज्ञानात चूक नको म्हणून याच माणसाशी मी गुरुत्वाकर्षणावरून भांडलोय. आता त्याच्याच हातापाया पडलो. रविवारी छापून आलं: घुमट फुटताच आतलं दुसरं झाकण बागेवर आपोआप बसलं आणि सीताफळाच्या झाडांनी सोडलेल्या हवेवर सोपानराव तगले.

सकाळीच विज्ञानाच्या एका मास्तरांचा फोन. "एवढ्याशा झाडांवर माणूस जगत नसतो, शेठ."

म्हटलं, "ठाऊक आहे, सर."

सोपानराव ऑपरेशनला तयार झाले.

*

ऑपरेशन नीट झालं. भेटायला गेलो, तर माणूस पार वाळलेला, आवाज खोल गेलेला. मला जवळ बोलावून विचारतो, "बागंतली झाडं?"

"वाचली."

"मग हरकत नाय." आणि डोळे मिटले. ज्याच्यासाठी मास्तरांची बोलणी खाल्ली, त्याला फिकीर झाडांची!

मी निघालो. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची मुलगी जिन्यापर्यंत मागं आली. चांगली शिकलेली, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र.

"काका, ते मंगळावरचं तुम्हीच लिहिता ना? पप्पांचं ऑपरेशन सोमवारी आहे. त्यांना घ्याल का? हमाल केलं तरी चालेल. फक्त शेवटपर्यंत असू द्या."

*

ही बातमी पुढं वॉर्डभर गेली. मंगळावर गर्दी वाढली. संपादक म्हणाले, काहीतरी घडवा. मी युद्ध लावलं.

परवा त्यांचा वैतागून फोन आला. "शेठ, महिना झाला युद्धाला. तोफा उडतात, यानं आदळतात, अन् मरत कसं कुणीच नाही? या रविवारी एखादा तरी जाऊ द्या."

मी म्हटलं, "या रविवारी नको, साहेब. सोमवारी दोघांचं आहे."